शेरवानीचा कोट

माझा भाचा स्कॉटलंडमध्ये असतो. मध्यंतरी त्याचा फोन आला. तिथल्या एका मित्राच्या लग्नात त्याला किल्ट घालायचा होता. किल्ट म्हणजे चौकड्यांच्या लोकरी कापडाचं, कमरेपासून गुडघ्यापर्यंत येणारं पुरुषांचं वस्त्र. किल्ट भाड्यानं मिळाला, वर घालायला नेहमीच्या सुटाचा कोट घरात होताच. दोन्ही घालून स्वारी आरशासमोर उभी राहिली. "मामा, आईचा परकर नेसून वर बाबांचा कोट चढवल्यासारखं दिसत होतं," तो म्हणाला. शेवटी त्यानं शिंपी गाठला.

"मग काय केलं शिंप्यानं?"

"खालून चार बोटं कापला, पुढचे कोपरे गोल केले आणि खिसे वर सरकवले."

खिसे वर सरकवले, हे शब्द ऐकले आणि फोन ठेवून मी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. तिच्यात माझ्या आजोबांचा राखी रंगाचा कोट आहे. त्याचेही खिसे असेच वर सरकवलेले आहेत.

आधी त्या किल्टचं पाहू. पँट कमरेवर खाली बसते. किल्ट वर, जवळजवळ बेंबीच्या रेषेत. त्याच्या चुण्या मागच्या बाजूला असतात. पँटसाठी बेतलेला लांब कोट वर घातला की चुण्या दबतात आणि घोळ खालून छत्रीसारखा फुलतो. शिवाय किल्टला खिसा नसतो, म्हणून पुढे साखळीला चामड्याची थैली लटकवतात. लांब कोटाखाली तीही झाकून जाते. म्हणून किल्टवरचा कोट आखूडच हवा. पण नुसती कैची चालवून भागत नाही. कोट कापला की आतल्या खिशांच्या पिशव्या खाली लोंबायला लागतात. वरून शिवलेला खिसा असेल तर उसवून वर लावता येतो. कापडाला चीर देऊन केलेला खिसा मात्र जागचा हलत नाही. भाच्याचं नशीब, त्याच्या कोटाचे खिसे वरून शिवलेले होते.

आता आपल्याकडे या. इंग्रजी अमदानीत आपल्या पुरुषांनी कोट घेतला, पण खाली धोतर तसंच ठेवलं. कुठल्याही जुन्या शाळेतला शिक्षकांचा फोटो बघा: काळी टोपी, कोट, धोतर. मला वाटतं, कोटाचं मोठं आकर्षण खिशांचं असावं. धोतराला कनवट असते, तिच्यात चार पैसे मावतात. घड्याळ, चष्मा, टाक आणि कागद कुठे ठेवायचे? स्कॉटिश माणसानं त्यासाठी थैली लटकवली, आपण कोट चढवला. फरक आणखी एक. किल्टच्या चुण्या मागे, तर आपल्या निऱ्या पुढे. कोटाचं खालचं बटण नेमकं निऱ्यांच्या फुगवट्यावर येतं. आमचे आजोबा ते कधी लावत नसत.

आजोबा मूळचे जांब समर्थचे. समर्थ रामदासांचं जन्मगाव म्हणून घनसावंगी तालुक्यातलं हे गाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण आजोबांच्या तरुणपणी ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. कारभार उर्दूत, 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं शिक्षण उर्दूत, आणि प्रतिष्ठित पोशाख म्हणजे शेरवानी. आजोबा संस्थानी शाळेत मास्तर होते. शाळेत शेरवानी, घरी येताच धोतर. शेरवानी त्यांना आवडत नसे असं मात्र नाही. आजी सांगायची, सणाला ती काढून स्वतः ब्रशनं झाडायचे.

सप्टेंबर 1948 मध्ये पोलिस कारवाई झाली, 17 तारखेला निजामानं शरणागती पत्करली. त्यानंतर काही महिन्यांनी आजोबा शेरवानी घेऊन कुंभार पिंपळगावच्या बाजारात गेले. ज्या चाचांनी ती शिवली होती, त्यांच्याचकडे. वडील तेव्हा आठ-नऊ वर्षांचे, बरोबर गेले होते. चाचांनी शेरवानी मांडीवर पसरली, खडूची रेघ मारली आणि थांबले. "गुर्जी, हितं कैची चालली तर लांबी परत यायची नाही."

"कापा," आजोबा म्हणाले.

मग चाचांनी तेच केलं, जे स्कॉटलंडच्या शिंप्यानं केलं. गुडघ्यापर्यंतचा घेर मांडीच्या वर आणला. बाजूच्या शिवणीतले खिसे बंद केले आणि कापलेल्या कापडाचे नवे खिसे वर लावले. उरलेल्या तुकड्यात वडिलांची टोपी झाली. बाजूच्या शिवणीत बोटभर माया होती, ती सोडून छाती सैल केली. शिवणीतली ती रुंद पट्टी अजून गडद दिसते.

वडील ही गोष्ट स्वातंत्र्याची म्हणून सांगत: गुलामीचा पोशाख कापून टाकला! आजी म्हणायची, कसलं काय, कापड मिळत नव्हतं. दोघंही खरं सांगत असावीत. पण वडिलांनी फार उशिरा, एकदाच, आणखी एक गोष्ट सांगितली. त्या दिवशी चाचांच्या अंगावर स्वतःची शेरवानी नव्हती. नुसता सदरा होता. रझाकारांच्या अत्याचारांनी मराठवाडा होरपळला होता, हे आपण दर सतरा सप्टेंबरला ऐकतो. कारवाईनंतर संस्थानातल्या मुसलमानांवर जे गुदरलं, ते मात्र फारसं ऐकत नाही. केंद्र सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार दिला होता. तो अहवाल सर्वसामान्यांना पाहायला मिळाला 2013 साली. आजोबांनी शेरवानी कापली ती आपल्या मर्जीनं. चाचांनी आपली का काढून ठेवली असेल, हे वडिलांनी त्या वेळी विचारलं नाही आणि नंतर विचारायला चाचा राहिले नाहीत.

पोशाख बदलायला लावणारी सत्ता स्कॉटलंडनंही पाहिली आहे. 1746 मध्ये कलोडनच्या लढाईत तिथल्या डोंगरी टोळ्यांचं बंड मोडलं आणि ब्रिटिश पार्लमेंटनं त्यांच्या पोशाखावर कायद्यानं बंदी घातली. सूट फक्त सरकारी फौजेतल्यांना. बंदी 1782 मध्ये उठली. पुढे 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा लेखक वॉल्टर स्कॉटच्या पुढाकारानं सोहळा झाला आणि राजानं स्वतः किल्ट घातला. काल गुन्हा असलेलं वस्त्र दरबारी झालं! याच डोंगरी भागाच्या नावाच्या दोन पलटणी, 74वी आणि 78वी, आमच्या जालना जिल्ह्यात लढून गेल्या आहेत. असईला, 23 सप्टेंबर 1803 रोजी, शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध. 74व्या पलटणीचे तर तिथे अतोनात हाल झाले.

आजोबांनी तो कोट मरेपर्यंत धोतरावर वापरला. पँट त्यांनी कधी घातली नाही.

मी कोटाचे फोटो काढून भाच्याला पाठवले. त्यानं आपल्या कोटाचा पाठवला. जुना खिसा जिथे होता, तिथलं कापड आजूबाजूपेक्षा गडद दिसतं, उन्हानं न विटलेलं. त्याची तक्रार वेगळीच आहे. हा कोट आता पँटवर घालता येत नाही म्हणतो.