राजधानीतील परमुलूख : नांदेड-लातूरकडील कुटुंबांचे हैदराबादेतील वास्तव्य

ज्ञातीचा इतिहास लिहावयास घेतला म्हणजे लेखणी सहजच मूळ गाव, कुलदैवत आणि वतने यांकडे वळते. घर सोडून परक्या शहरी गेलेल्या माणसांचा अध्याय मात्र बहुधा कोराच राहतो. आज मंडळाच्या सभासदांपैकी पुष्कळांची मुले-मुली अमेरिकेत, आखातात किंवा युरोपात संसार मांडून आहेत, आणि तिकडे रुजावे कसे हा प्रश्न घरोघरी विचारला जात आहे. हा प्रश्न आपणांस नवा नाही. आपल्या वडीलधाऱ्यांनी तो शंभर वर्षांपूर्वी हैदराबादेत सोडविला होता. म्हणून त्या वास्तव्याची हकीकत येथे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

हैदराबाद ही तर आपल्याच संस्थानाची राजधानी. तिला परमुलूख कसे म्हणावे, अशी शंका कोणी घेईल. परंतु औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे निजामाच्या राज्यात असले, तरी राजधानीचा व्यवहार मराठीत चालत नसे. दरबाराची भाषा प्रथम फारसी व पुढे उर्दू होती. सरकारी कागदावर फसली सन आणि आजूर, दै, बहमन असे महिने लिहीत. खिशात हाली सिक्का असे. सात हाली रुपये म्हणजे इंग्रजी मुलखातील सहा कलदार, असा हिशेब पोरांनाही पाठ असावयाचा. खेड्यातून आलेल्या माणसाला न्यायालयाची पाटीही वाचता येऊ नये, अशी ही स्वतःची राजधानी होती.

प्रवासाचा प्रकारही दोन्ही गावांचा निराळा. गोदावरी खोऱ्यातून मनमाडला जाणारी आगगाडी विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली आणि नांदेडचा माणूस थेट हैदराबादेस पोहोचू लागला. काचीगुड्याच्या स्थानकाची भव्य इमारत १९१६ सालची. नांदेडकडील कित्येक घरांचा शहराशी पहिला परिचय तेथेच झाला. लातूर हा त्या काळी उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुका होता; त्याला स्वतंत्र जिल्ह्याचा मान १९८२ साली मिळाला. लातुरास बार्शी लाईट रेल्वे १९११ साली आली, पण ती पश्चिमेस कुर्डुवाडीकडे जाई. तेव्हा रेल्वेने निघालेल्या लातूरकराला आपल्याच राजधानीस पोहोचण्यासाठी प्रथम इंग्रजी मुलखात शिरावे लागे आणि वाडीमार्गे पुन्हा निजामाच्या हद्दीत यावे लागे.

शहरात उतरल्यावर बिऱ्हाड कोठे करावयाचे, याचे उत्तर बहुधा ठरलेले असे. काचीगुडा, इसामिया बाजार, गौळीगुडा आणि रेसिडेन्सी बाजार या भागांत मराठी वस्ती दाट होत गेली. रेसिडेन्सी बाजाराचा विशेष असा की, १९३३ पर्यंत तेथे ब्रिटिश रेसिडेंटाचा अंमल होता. निजामी हद्दीत सभा, व्याख्यान, खासगी शाळा यांवर निर्बंध होते. या बाजाराच्या आसऱ्याने मात्र थोडा मोकळा श्वास घेता येई. १९३३ साली हा भाग निजामाकडे परत गेला आणि सुलतान बाजार म्हणून ओळखला जाऊ लागला.

पुरुषमंडळी कचेरीत उर्दू शिकली, याची नोंद इतिहासात आहे. स्त्रियांनी काय केले, याची नोंद कोणी ठेवली नाही. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या गृहिणीला भात आणि चिंचेच्या आंबटाशी जुळवून घ्यावे लागले. भाजीवालीशी दखनीत आणि मोलकरणीशी तेलुगूत बोलावे लागले. पण एक गोष्ट तिच्या सोयीची होती. दखनी बोलीत ‘नक्को’ हा शब्द आणि जोर देण्यासाठी लागणारा ‘च’ मराठीतूनच गेलेला आहे. परक्या शहराच्या तोंडी आपले दोन शब्द आधीच येऊन बसले होते. त्यांच्या आधाराने पुढचे शंभर तिने आत्मसात केले.

मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न याहून बिकट. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. ती भाषा टाळावी तर पुढचा मार्ग बंद, आणि केवळ तीच धरावी तर घरची भाषा सुटते. या पेचातून वाट काढण्यासाठी १९०७ साली विवेक वर्धिनी ही शाळा उभी राहिली. केशवराव कोरटकर यांच्यासारखे मराठवाड्यातून आलेले नामवंत वकील अशा कार्यांच्या पाठीशी होते. पुढे १९३१ साली महाराष्ट्र साहित्य संमेलन हैदराबादेस भरले व डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर त्याचे अध्यक्ष झाले. त्या वेळेपर्यंत ही वस्ती पाहुण्यांची राहिली नव्हती, यजमानांची झाली होती.

या वास्तव्याने काय दिले, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. निलंग्यास १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी संस्थानच्या मुलकी सेवेत शिरले आणि उर्दू, फारसी, तेलुगू व गोंडी या भाषांत पारंगत झाले. मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधने मराठीत आणण्याचे त्यांचे कार्य त्या शिदोरीवरच उभे आहे. दुसरे नरहर कुरुंदकर. वसमत तालुक्यातील कुरुंद्याचा हा मुलगा हैदराबादेस आपले मामा, उस्मानियातील मराठीचे प्राध्यापक डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्या छायेत वाढला आणि पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला. वसतिगृहे फारशी नव्हती; मामाचे घर हेच वसतिगृह होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाली. कोणीही घर हलविले नसता एका रात्रीत राजधानीतील मराठी कुटुंबे परप्रांतीय ठरली. काही नोकरीच्या बदलीने मुंबईस गेली, काही नांदेडास परतली, काही तेथेच राहिली. जी राहिली, त्यांना ग्रंथालय, शाळा आणि मराठी साहित्य परिषद यांनी धरून ठेवले.

यावरून आम्हांस एकच निष्कर्ष काढावासा वाटतो. परक्या शहराची भाषा मनापासून शिकणे आणि आपल्या भाषेसाठी चार माणसांनी मिळून एक दार उघडे ठेवणे, ही दोन्ही कामे ज्यांनी केली तेच खऱ्या अर्थाने रुजले. ज्यांनी पहिले टाळले ते उपरे राहिले. ज्यांनी दुसरे टाळले त्यांची नातवंडे आजीचे पत्र वाचू शकत नाहीत.

आणि ती पत्रे अजून आहेत! आपल्या कित्येक घरांतील पेट्यांत उर्दू सनदा, मोडी हिशेब आणि हैदराबादेहून आलेली पत्रे पडून आहेत. ती वाचणारे दरवर्षी कमी होत आहेत. ज्ञातिबंधु-भगिनींनी ती वाळवीच्या स्वाधीन न करता जाणत्यांकडून वाचवून घ्यावीत, त्यांच्या प्रती कराव्यात आणि घरातील वृद्धांकडून बिऱ्हाडाची, वाड्याची, शाळेची हकीकत लिहून घ्यावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. परदेशी निघालेल्या मुलांच्या सामानात लोणच्याच्या बरणीबरोबर ही वहीदेखील असावी.