झादरचें मारास्कीनो

आद्रियाटिक समुद्राच्या पूर्वतीरावर झादर नांवाचें जुनें बंदर आहे. आज तें क्रोएशियांत मोडतें. १७९७ पर्यंत तें व्हेनिसचें होतें, पुढें ऑस्ट्रियाचें, आणि पहिल्या महायुद्धानंतर इटलीचें झालें. धनी असे बदलत गेले, तरी गांवाची कीर्ति टिकली ती एका आंबट चेरीमुळें. दाल्मेशियाच्या खडकाळ भूमींत वाढणारी ही काळसर, किंचित् कडवट चेरी म्हणजे मारास्का; आणि तिच्यापासून केलेलें निर्मळ, रंगहीन, गोड मद्य तें मारास्कीनो.

१८२१ सालीं जिरोलामो लुक्सार्दो यानें येथें कारखाना घातला. मूळचा जिनोआचा हा गृहस्थ सार्डिनियाच्या राज्याचा वकील म्हणून आला होता. कृति मात्र त्याच्या पत्नीची, मारिया कानेव्हारी हिची. घरीं ती हें मद्य करीत असे. बाटलीवर नांव लागलें पतीचें, हें सांगावयास नकोच. १८२९ त ऑस्ट्रियाच्या बादशहानें त्याला १५ वर्षांचा खास परवाना दिला.

गंमत अशी कीं, या मद्याचा प्राण केवळ रसांत नाहीं. साली, देठ, पानें आणि बिया मद्यार्कांत दीर्घकाळ मुरवितात. बियांतून कडू बदामासारखा गंध उतरतो. मग तांब्याच्या भट्टींतून अर्क काढून तो अ‍ॅश झाडाच्या लांकडी पिंपांत ठेवितात. ओकचें लांकूड अर्काला रंग देतें, हें देत नाहीं. शेवटीं पाणी व साखर मिसळतात; मद्यार्क शेंकडा ३२ च्या सुमारास राहतो. जेवणानंतर चिमुकल्या पेल्यांतून तें घोट घोट घ्यावें, किंवा चिरलेल्या फळांवर चमचाभर शिंपडावें. आइस्क्रीमवरील तांबड्या ‘मारास्कीनो चेरी’ला आतां बहुधा मद्याचा स्पर्शहि नसतो, आपल्याकडे तर तिच्या जागीं पुष्कळदां पाकांत मुरवून रंगविलेलें करवंदच असतें!

१९४३-४४ त दोस्तांच्या विमानांनीं झादर भाजून काढलें. कारखाना उद्ध्वस्त झाला, लुक्सार्दो घराण्यांतील कांहीं माणसें प्राणांस मुकलीं. वांचलेल्या जोर्जोनें १९४७ त इटलींत, पादुआजवळच्या तोरेल्या येथें, नवा कारखाना उभारला आणि भोंवतालच्या टेकड्यांवर मारास्काचीं झाडें लाविलीं. इकडे झादरमध्येंहि ‘मारास्का’ या नांवानें मद्य गाळणें चालूंच राहिलें. खरें मारास्कीनो कोणतें, यावर दोन्ही बाजूंचे अभिमानी अजून भांडतात. मला तर कोणाचाच दावा खोटा वाटत नाहीं. एकाकडे माती राहिली, दुसऱ्याकडे मारियेची कृति. लुक्सार्दोची बाटली मात्र आजहि विणलेल्या गवती वेष्टणांत येते. समुद्रप्रवासांत ती फुटूं नये म्हणून झादरला पडलेली ही चाल.