माळ्याचं पाखं पांढरं कसं झालं

जुन्या नाशकात, तिळभांडेश्वर गल्लीच्या आसपास तग धरून राहिलेल्या एखाद्या वाड्याच्या माळ्यावर चढलं, की उतरतं पाखं डोक्याशी येतं. आढ्याखाली माणूस ताठ उभा राहतो, वळचणीकडे सरकताना वाकतो आणि शेवटचे दोन हात बसूनच जावं लागतं. असल्या तिरक्या छताला रंग द्यायचा म्हटलं की आजचे रंगारी कुरकुरतात. पण माळा आतून रंगवायचा ही रीतच फारशी जुनी नाही. पूर्वी तिथे रंगवण्याजोगं छतच नव्हतं.

नळीच्या कौलांच्या काळात वर पाहिलं की वासे, रिपा आणि कौलांची आतली बाजू दिसे. ही कौलं वाऱ्याने हलत, माकडांच्या उड्यांनी फुटत, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी घर शाकारावं लागे. दरसाल उसकटायच्या छपराला आतून रंग कोण देणार? लाकडाला तेल, भिंतीला चुना, एवढ्यावर भागे. माळा होता सामानासाठी: सणावाराची तांब्या-पितळेची भांडी, धान्य, सरपण. गोदेला पूर येऊन नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी चढू लागलं, की काठावरच्या घरांतली चीजवस्तूही वरच जाई.

पालट झाला तो कौलामुळे. १८६५ साली बासेल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी मंगळूरला खाचेच्या चपट्या कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत अडकणारं हे कौल सहसा जागचं हलत नाही. वर्षानुवर्षं तसंच राहणारं छप्पर मिळालं, तेव्हा त्याच्या खालून फळ्या ठोकून तक्तपोशी करणं परवडू लागलं. त्याच मापाचं काचेचं कौलही मिळू लागलं. युरोपात उतरत्या छपरातून खिडकी बाहेर काढतात आणि तिच्यावर वेगळं छोटं छप्पर चढवतात. आपल्याकडे ते काम या एका काचेने केलं. मला ही युक्ती फार मोलाची वाटते. सुतारकाम नाही, सांध्यातून गळती नाही, आणि भरदुपारी माळ्याच्या मध्यावर उजेडाचा चौकोन.

मग प्लेग आला. १८९६ साली मुंबईत साथ सुरू झाली आणि पाठोपाठ नाशिक जिल्ह्यातही पोचली. १८९९ साली भगूरच्या सावरकरांच्या घरातला कर्ता पुरुष तिनेच नेला, आणि सावरकर भावंडं नाशकात आली. रोग घाणीत आणि अंधारात वाढतो, अशी सरकारी समजूत होती. मुंबईत पथकं घरात शिरून कौलं काढत, ऊन आत घेत आणि भिंतींना चुना फासत. रोग उंदरावरच्या पिसवांतून पसरतो हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ साली कराचीत दाखवलं. घरचा काळा उंदीर पट्टीचा चढणारा, त्याचा मुक्काम बहुधा आढ्या-वाशांतच. चुन्याने साथ थांबली नाही. तरी माझ्या मते अंधारी सांदीकोपरी पांढरी करण्याची सवय घरोघरी मुरली ती त्या धास्तीने. दिवाळीआधीच्या सफेदीत माळाही आला.

हे काम अंगमेहनतीचं. कळीचा चुना पिंपात विरवायचा, तो खदखदून निवला की कापडातून गाळायचा, धरून राहावा म्हणून डिंकाचं पाणी घालायचं आणि पिवळट झाक मारायला चिमूटभर नीळ. भिंतीवरचा थेंब पायाशी पडतो, पाख्यावरचा थेट डोळ्यात. म्हणून तोंडाला-हाताला खोबरेल चोळून, डोक्याला फडकं गुंडाळून माणूस वर चढे. सुरुवात आढ्यापासून, मग हळूहळू वळचणीकडे. पहिला हात आडवा, पण शेवटचा उजेडाच्या दिशेने, म्हणजे काचेच्या कौलाकडून खाली. उजेडाला आडवा हात फिरला तर कुंच्याची रेघन् रेघ उठून दिसते. आजच्या इमल्शनलाही हा नियम तितकाच लागू आहे.

चुन्याची सद्दी डिस्टेंपरने मोडली. १९४२ साली मुंबईत एशियन पेंट्स सुरू झाली, १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी काढलेला गट्टू तिच्या डब्यावर आला, आणि पुढे मध्यमवर्गाच्या भिंती फिकट हिरव्या, गुलाबी होत गेल्या. माळा बहुतेक पांढराच राहिला. कमी उजेडाच्या खोलीत पांढऱ्याइतका कामाचा रंग नाही. शिवाय पाखं आणि बुटकी भिंत एकाच रंगात असली की दोन्हींमधली कड दिसत नाही आणि जागा ऐसपैस वाटते.

आता वाडे दुरुस्त करताना या जुन्या थरांवर सरळ प्लास्टिक पेंट मारतात, ते पाहून जीव तुटतो. चुन्यातून ओल आत-बाहेर करू शकते. प्लास्टिकचा पापुद्रा तिला कोंडतो, आणि एकदोन पावसाळ्यांत खालच्या चुन्यासकट पोपडे सुटतात. वाड्यात आधी गळकं कौल बदलावं, सुटलेला चुना खरवडून काढावा आणि त्यावर पुन्हा चुन्याचेच पातळ हात द्यावेत, प्रत्येक हात वाळू देऊन.