दास्तानगोईचे दुसरे पर्व

४ मे २००५ रोजी दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरमध्ये महमूद फारूकी आणि हिमांशू त्यागी यांनी ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ या उर्दू दास्तानीतले प्रसंग श्रोत्यांना सांगितले. दिल्लीचे अखेरचे नामवंत दास्तानगो, म्हणजे दास्तानी सांगणारे कथाकार, मीर बाकर अली १९२८ मध्ये निवर्तले होते. त्यांच्यानंतर पाऊण शतकाहून अधिक काळ गप्प झालेली ही कला त्या दिवशी पुन्हा बोलती झाली. दोन दशके उलटली तरी ती थांबलेली नाही. या वाटचालीकडे पाहताना जाणवते की दास्तानगोईला जेवढे सांगणाऱ्यांनी तारले, तेवढेच लिहिणाऱ्यांनीही तारले.

पायऱ्यांवरचे वैभव

या दास्तानींचा नायक अमीर हमजा. त्याच्या पराक्रमाच्या कथा इराणातून हिंदुस्थानात आल्या आणि इथे वाढत वाढत मूळ कथेच्या कितीतरी पट झाल्या. अकबराला त्यांचे वेड होते. त्याच्या चित्रशाळेने सिद्ध केलेल्या ‘हमजानाम्या’त सुमारे १४०० चित्रे होती. पुढे दास्तान दरबारातून बाजारात उतरली आणि उर्दूत रंगली. सय्यद अहमद खान यांनी १८४७ च्या ‘आसार-उस-सनादीद’ या ग्रंथात जामा मशिदीच्या उत्तरेकडच्या पायऱ्यांचे वर्णन केले आहे. तिसऱ्या प्रहरी दास्तानगो तिथे मोढा टाकून बसे आणि भोवती श्रोते जमत.

दास्तानीचे चार रंग सांगितले जातात. रज्म म्हणजे युद्ध, बज्म म्हणजे मैफल, तिलिस्म म्हणजे जादूची मायावी दुनिया आणि अय्यारी म्हणजे चतुराईने केलेली फसवाफसवी. हमजाचा जिवलग अमर अय्यार हा या सगळ्याचा लाडका नायक. त्याच्या झंबील नावाच्या झोळीत अख्ख्या दुनिया मावतात. जादूगारांचा बादशहा अफरासियाब फौजांना भीत नाही, पण अमरच्या करामतींपुढे हैराण होतो. ऐकणाऱ्याला रात्रीमागून रात्री बांधून ठेवायचे तर हे चारही रंग हाताशी असावे लागत.

१८५७ नंतर दिल्ली उजाड झाली, लखनौने मात्र ही कथा जपली. तिथल्या नवल किशोर प्रेसने महंमद हुसेन जाह आणि अहमद हुसेन कमर यांसारख्या दास्तानगोंकडूनच दास्तानी लिहवून घेतल्या. १८८३ मध्ये ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चा पहिला खंड निघाला आणि पुढच्या काही दशकांत हमजाच्या सगळ्या दास्तानींचे मिळून ४६ जाडजूड खंड झाले. त्यांची पाने चाळीस हजारांच्या वर जातात. छापखाना स्थिरावत असतानाच सांगणारे मात्र कमी होत गेले. सुधारकांना या कथा निरर्थक वाटल्या, कादंबरीवर वाढलेल्या समीक्षकांना त्या बाळबोध वाटल्या, आणि करमणुकीला पुढे सिनेमा आला. मीर बाकर अलींना उतारवयात सुपारी विकून दिवस काढावे लागले.

अलाहाबादचा अभ्यासक

कला मेली, पण खंड उरले होते. ते गोळा करण्याचे काम शम्सुर रहमान फारूकी यांनी केले. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी, ‘शबखून’ या उर्दू मासिकाचे संपादक आणि उर्दूतले अग्रगण्य समीक्षक असलेल्या या माणसाने अलाहाबादेत दुर्मीळ झालेले सगळेच्या सगळे खंड जमवले आणि पानन् पान वाचून काढले. त्यांच्या दास्तानविषयक ग्रंथमालेचा पहिला भाग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते. दास्तान ही ऐकण्याची गोष्ट आहे, म्हणून तिला कादंबरीची फूटपट्टी लावू नये. पुनरुक्ती, लांबण, विशेषणांची बरसात हे वाचताना दोष वाटतात. कानांना मात्र तीच दास्तानीची ताकद वाटते.

त्यांचे पुतणे महमूद हे ऑक्सफर्डमध्ये शिकलेले इतिहासाचे अभ्यासक आणि नाटकात रमणारे. दास्तानीवर माहितीपट करावा, असा त्यांचा मूळ विचार होता. काकांकडे अभ्यास करता करता त्यांनी दास्तान स्वतःच सांगायचे ठरवले.

गुरूविना उभी राहिलेली कला

इथे खरी अडचण होती. आपल्याकडे नारदीय कीर्तन गुरूकडून शिष्याकडे चालत आले. पूर्वरंग कसा मांडावा, उत्तररंगात आख्यान कसे फुलवावे, हे नवा कीर्तनकार समोर बघून शिकतो. दास्तानगोईत बघायला कुणी नव्हते. होती ती छापील पाने आणि जुन्या लेखकांनी करून ठेवलेली थोडीफार वर्णने. पोशाख, बैठक, हातवारे, आवाजाची चढउतार, सगळे नव्याने घडवावे लागले.

महमूद यांनी घेतलेले काही निर्णय पुढे या कलेची ओळख झाले. जुना दास्तानगो एकटा असे. नव्या दास्तानगोईत दोघे आले, त्यामुळे एकाच्या तोंडचे वाक्य दुसरा उचलू लागला आणि कथेला संवादाची गती मिळाली. पांढरी चादर घातलेले तख्त, टेकायला लोड, पांढरे अंगरखे, डोक्यावर टोपी, हाताशी पाण्याचे कटोरे, एवढाच थाट. नेपथ्य नाही, वाद्ये नाहीत. गुडघ्यांवर बसलेला माणूस कंबरेपासून वरच्या शरीराने आणि आवाजाने फौजा उभ्या करतो.

भाषेबाबतचा निर्णय तर धाडसाचा होता. होशरुबाची फारसीने भरलेली उर्दू त्यांनी सोपी करून घेतली नाही. शब्द अडले तरी लय, नाद आणि मुद्रा यांतून अर्थ पोचेल, असा विश्वास त्यांनी श्रोत्यांवर टाकला आणि श्रोत्यांनी तो सार्थ ठरवला. शिवाय नाट्यगृहाची शिस्तबद्ध शांतता त्यांनी मोडली. दाद मनात ठेवायची नाही, मोठ्याने वाहवा करायची, हे सुरुवातीलाच सांगितले जाते. श्रोता बोलू लागला की सांगणारा खुलतो.

नव्या दास्तानी

जुन्या प्रसंगांवरच थांबले असते तर हा प्रयोग काही वर्षांत संपला असता. दानिश हुसेन महमूद यांच्या जोडीला आले आणि या जोडीने देशभर कार्यक्रम केले. त्याच काळात नवे लेखनही सुरू झाले. फाळणीवर ‘दास्तान-ए-तक्सीम-ए-हिंद’ उभी राहिली. मानवाधिकार कार्यकर्ते डॉ. बिनायक सेन यांच्या तुरुंगवासावर ‘दास्तान-ए-सेडिशन’ रचली गेली. विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथेवरून ‘चौबोली’ आली, मंटोचे आयुष्य आणि लेखन ‘मंटोइयत’मध्ये आले, आणि पुढे महाभारतातल्या कर्णाचीही दास्तान झाली. हमजाच्या कथेसाठी घडलेला साचा फाळणीचे दुःख आणि कर्णाची व्यथाही पेलू शकतो, हे यातून सिद्ध झाले. माझ्या मते या सगळ्या वाटचालीतला हाच निर्णायक टप्पा.

कार्यशाळांतून नवे लोक तयार झाले. जुन्या दिल्लीत वाढलेल्या फौझिया यांनी शतकानुशतके पुरुषांच्याच असलेल्या या तख्तावर स्त्रीचा आवाज आणला. पूनम गिरधानी यांनीही ती वाट रुंद केली. नोकरी सोडून पूर्णवेळ दास्तानगो झालेला अंकित चड्ढा लेखक म्हणूनही मोठा ठरला. कबीर, अमीर खुस्रो, मुलांसाठी ‘ॲलिस’ आणि ‘छोटा राजपुत्र’, इथपासून मोबाइलच्या वेडापर्यंत त्याने दास्तानी लिहिल्या. सूफी-संतांच्या गोष्टी आणि आजच्या तरुणांचे बोलणे त्याच्याकडे सहज एकत्र नांदत.

पडझड

वाटचालीचा हा भागही सांगायला हवा. २०१५ मध्ये महमूद फारूकी यांच्यावर बलात्काराचा गुन्हा दाखल झाला. २०१६ मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा सुनावली. २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली आणि २०१८ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. स्त्रीच्या संमतीकडे न्यायालये कशी पाहतात, यावर त्या निकालामुळे देशभर गंभीर वाद झाला. एकाच माणसाभोवती उभी राहिलेली ही चळवळ त्या काळात मोडून पडली नाही, कारण तोपर्यंत तिच्याकडे इतर सांगणारे होते आणि त्यांच्या हातात संहिता होत्या.

९ मे २०१८ रोजी दुसरा घाव बसला. पुण्यात कार्यक्रमासाठी आलेला अंकित चड्ढा कामशेतजवळच्या उकसण धरणाच्या पाण्यात बुडाला. वय अवघे ३०. पुढे २५ डिसेंबर २०२० रोजी शम्सुर रहमान फारूकी गेले. ज्यांच्या वाचनातून हे सारे उगवले, तो आधार हरपला. अंकितच्या दास्तानी मात्र इतरांच्या तोंडून ऐकू येत राहिल्या.

दिल्लीबाहेर, मराठीत

दानिश हुसेन यांनी मुंबईत ‘होशरुबा रेपर्टरी’ उभारली आणि ‘किस्सेबाजी’ या कार्यक्रमातून अनेक भाषांतल्या गोष्टी तख्तावर आणल्या. मराठीत अक्षय शिंपी आणि त्यांच्या साथीदारांनी ‘दास्तान-ए-बडी बांका’मधून मुंबई शहराचीच दास्तान सांगितली. शाहिरी आणि लावणीच्या भाषेला दास्तानीचा बाज इतका जवळचा आहे, हे ती ऐकल्याशिवाय कळले नसते.

मराठीला कथाकथनाची मोठी पुंजी आहे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगाव माणसे गोळा केली. पण ते आपापल्या कथा आपणच सांगत. तो आवाज गेला की ते कथाकथनही त्याच्याबरोबर गेले. दुसऱ्याने सांगावे म्हणून कथा लिहिणे आणि दुसऱ्याला सांगायला शिकवणे, ही सवय आपण फारशी लावून घेतली नाही. दिल्लीच्या दास्तानगोंनी ती लावून घेतली, म्हणून शून्यातून सुरुवात करूनही त्यांची दुसरी आणि तिसरी फळी उभी राहिली. मराठी लेखकांनी मुद्दाम सांगण्यासाठी कथा लिहाव्यात, नाट्यसंस्थांनी त्यांच्या कार्यशाळा घ्याव्यात आणि साहित्य संमेलनांनी त्यांना रात्रीची हक्काची वेळ द्यावी. तुटलेली परंपरा जर पाऊण शतकानंतर उभी राहू शकते, तर आपली अजून न तुटलेली परंपरा सावरणे आपल्या हातात आहे.