दोन खोल्या आणि मधला वारा

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांत एखादं जुनं घर उतरवायला घेतलं, की कधी कधी बाहेरच्या फळ्यांमागून ओंडक्यांच्या दोन सुट्या खोल्या निघतात. मधला बंदिस्त दिवाणखाना एकेकाळी आरपार उघडा बोळ होता, हे तेव्हा कळतं. अशा घराला ‘डॉगट्रॉट’ म्हणतात.

त्याचा आकार ठरवला ओंडक्यानं. ओंडका शेंड्याकडे निमुळता होत जातो आणि चार माणसांना तो भिंतीवर चढवता यायला हवा. म्हणून खोली जेमतेम १६ ते १८ फुटांची. घर वाढवायचं तर कोपऱ्यात खाचा पाडून घट्ट अडकवलेल्या भिंतीला नवे ओंडके जोडणं जिकिरीचं. त्यापेक्षा आठ-दहा फूट जागा सोडून दुसरी खोली रचायची आणि दोन्हींवर एकच छप्पर घालायचं. अशी कितीतरी घरं गुलाम कारागिरांच्या हातची आहेत. नाव मात्र मालकाचं राहिलं.

ओंडक्यांची अशी घरं बांधण्याचं कसब आलं कुठून, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. १६३८ मध्ये डेलावेअर नदीकाठी ‘न्यू स्वीडन’ वसाहत झाली, तिथे स्वीडिश आणि फिनिश लोक आले. टेरी जॉर्डन आणि मॅटी कॉप्स या अभ्यासकांनी १९८९च्या पुस्तकात डॉगट्रॉटचं मूळ या वसाहतकऱ्यांकडे नेलं. काहीजण जर्मन वसाहतकऱ्यांना श्रेय देतात. मूळ थंड मुलखातलं असेलही, पण हे घर रुजलं ते दक्षिणेच्या उकाड्यात. सावलीतल्या त्या बोळातून वारा वाहायचा. लोणी घुसळणं, शेंगा सोलणं, खोगीर टांगणं, उन्हाळ्यात रात्री अंथरूण टाकणं, सगळं तिथेच. घरातली खरी राबती खोली तीच. तिला भिंती नव्हत्या एवढंच.

आर्कान्सामधल्या नॉरफोर्क गावचं १८२९चं जेकब वुल्फ हाऊस याच घडणीचं, पण दुमजली. इझार्ड कौंटीचं कोर्ट तिथे भरत असे. लुइझियानात डुबाकजवळचं ऑट्री हाऊस १८४९चं. ओंडके मागे पडून करवती फळ्या आल्या, तरी बोळ राहिला. १९३६ मध्ये छायाचित्रकार वॉकर इव्हान्स आणि लेखक जेम्स एजी अलाबामाच्या हेल कौंटीत गेले, तेव्हा इव्हान्सनं ज्याची छायाचित्रं काढली ते वाटेकरी शेतकऱ्याचं घर पाइनच्या फळ्यांचं, पण मधे मोकळंच होतं.

पुढे अनेकांनी बोळाला दोन्हीकडून दारं बसवली. वातानुकूलनानंतर तर त्याची गरजच उरली नाही. त्याच हेल कौंटीत १९९३ पासून ऑबर्न विद्यापीठाचा ‘रूरल स्टुडिओ’ गरिबांसाठी घरं बांधतो. विजेचं बिल न परवडणाऱ्यांसाठी विद्यार्थी तिथे पुन्हा खोल ओसरी आणि समोरासमोरच्या खिडक्या आखतात.