सिनसिनाटी: उत्तरेतली की दक्षिणेतली?

नऊ वर्षांपूर्वी नव्या प्रोजेक्टसाठी पहिल्यांदा इथे आलो. तिकिटावर सिनसिनाटी, आणि बॅगा घेऊन विमानतळाबाहेर पडतो तर रस्त्यावरची पाटी केंटकीची! म्हटलं, कनेक्टिंग फ्लाइट चुकलं की काय. टॅक्सीवाल्याने खुलासा केला, "एअरपोर्ट केंटकीत, गाव ओहायोत, मधे नदी." पुढे कळलं, सिनसिनाटीचं अधिकृत तापमानसुद्धा याच विमानतळावर, म्हणजे केंटकीतच मोजतात.

तेव्हापासून एक वाद ऐकत आलोय. ऑफिसातला क्लीव्हलंडचा सहकारी म्हणतो, "हे गाव म्हणजे साउथच." अलाबामाचा सहकारी हसतो, "चहात साखर नाही, हे कसलं साउथ?" मी मूळचा नागपूरचा, त्यामुळे हा वाद मला नवा नाही. पुण्यात इंजिनिअरिंगला होतो तेव्हा "करून राहिलो" म्हटलं की होस्टेलची पोरं विचारायची, "तू नक्की महाराष्ट्रातलाच ना?" माझे आजोबा तर एकाच घरात राहून मध्य प्रांत-वऱ्हाड, मध्य प्रदेश, 1956 साली मुंबई राज्य आणि 1960 साली महाराष्ट्र अशा चार ठिकाणचे रहिवासी झाले. म्हणायचे, "अरे, मी कुठे हललो? नकाशा हलला."

गेल्या वर्षी चौथीतल्या लेकीने विचारलं, "बाबा, आपण नॉर्थ की साउथ?" कॉम्प्युटरवाल्या माणसाला ट्रू की फॉल्स असं उत्तर हवं असतं. म्हणून वाचायला बसलो.

सुरुवात हवामानापासून केली. वाटलं, तिथे तरी आकड्यांनी निकाल लागेल. हवामानाच्या प्रसिद्ध कोप्पेन वर्गीकरणात सर्वांत थंड महिन्याची सरासरी उणे 3 सेल्सिअस ही सीमा धरली, तर सिनसिनाटी दमट उपोष्ण पट्ट्यात, म्हणजे दक्षिणेच्या पंगतीत बसते. तीच सीमा शून्य धरली, की थोडक्यात उत्तरेत जाते. म्हणजे प्रश्न थंडीचा नाही, रेघ कुठे मारायची याचा!

संस्कृतीचंही तेच. 19व्या शतकात इथे जर्मन लोक लोंढ्याने आले. त्यांच्या वस्तीकडे जायला कालवा ओलांडावा लागे, म्हणून त्या वस्तीचं नाव पडलं 'ओव्हर द ऱ्हाइन'. आजही जुना सिनसिनाटीकर नीट ऐकू आलं नाही, की "प्लीज?" असं विचारतो, तो म्हणे जर्मन 'बिट्टं'चा अवशेष. पण धंद्याचं तोंड दक्षिणेकडे. इतकं, की शहराने स्वतःच्या पैशाने थेट टेनेसीतल्या चॅटानूगापर्यंत रेल्वे बांधली. 1880 साली ती पूर्ण झाली आणि 2024 पर्यंत शहराच्याच मालकीची होती. मग सुमारे 1.6 अब्ज डॉलरला विकली.

इथपर्यंत सगळी गंमतच. पण 1787 च्या नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्सपाशी आलो आणि गंमत संपली. या कायद्याने ओहायो नदीच्या उत्तरेच्या प्रदेशात गुलामगिरीला बंदी घातली. दक्षिणेला केंटकीत ती चालू राहिली. म्हणजे सुमारे हजार फुटी पाण्याच्या अल्याड माणूस माणूस, आणि पल्याड मालकाची मालमत्ता. त्यातही त्याच कायद्यात कलम होतं, की पळून आलेल्याला मालक परत नेऊ शकतो.

मग उत्तरेचा काठ तरी स्वच्छ होता का? 1829 साली गोऱ्यांच्या जमावाने इथल्या कृष्णवर्णीय वस्तीवर हल्ले केले. हजारावर माणसं गाव सोडून गेली, काही थेट कॅनडात. 1836 साली गुलामगिरीविरोधी वृत्तपत्राचा छापखाना फोडला गेला. कारण साधं होतं, दक्षिणेतली गिऱ्हाइकं दुखवायची नव्हती. पण याच गावात 1834 साली लेन सेमिनरीच्या विद्यार्थ्यांनी गुलामगिरीवर कितीतरी रात्री जाहीर वाद घातला. याच गावात हॅरिएट बीचर स्टोव 18 वर्षं राहिली, आणि इथे पाहिलं-ऐकलं त्यातून पुढे 'अंकल टॉम्स केबिन' लिहिलं.

आणि मार्गारेट गार्नर. जानेवारी 1856 मधली गोष्ट. कडाक्याच्या थंडीत नदी गोठली होती. केंटकीतली ही गुलाम बाई नवरा आणि मुलांसह बर्फावरून चालत सिनसिनाटीला पोचली. काही तासांतच पकडणारे दाराशी आले. पोर पुन्हा गुलामगिरीत जाऊ नये म्हणून तिने आपल्या सुमारे दोन वर्षांच्या मुलीचा जीव स्वतःच्या हाताने घेतला. खटला सिनसिनाटीतच चालला, आणि तिला परत दक्षिणेत पाठवलं गेलं. दोन वर्षांनी ती टायफॉइडने गेली. टोनी मॉरिसनची 'बिलव्हेड' ही कादंबरी तिच्यावरूनच सुचलेली. हे वाचल्यावर मी लॅपटॉप मिटला. हवामानाच्या रेघेवर मी विनोद करत होतो, पण त्या थंडीनेच तिला वाट करून दिली होती, आणि कायद्याने ती बंद केली.

1862 साली दक्षिणेची फौज चाल करून आली, तेव्हा मात्र गाव उत्तरेच्या बाजूने उभं राहिलं. कृष्णवर्णीय पुरुषांना आधी संगिनीच्या धाकाने कामाला जुंपलं. मग त्यांचीच 'ब्लॅक ब्रिगेड' झाली आणि त्यांनी नदीपलीकडे तटबंदी उभारली. ज्या गावाने त्यांना हाकललं होतं, तेच गाव त्यांनी राखलं.

तर लेकीला काय सांगितलं? म्हटलं, "कायद्याने आपण नॉर्थ. पण नुसत्या कायद्याने कोणी नॉर्थ होत नाही, ते माणसांना रोज व्हावं लागतं." तिला कितपत कळलं, ठाऊक नाही. तिने विचारलं, "मग त्या आईला कोणी दार का नाही उघडलं?" म्हटलं, "एका नातेवाइकाने उघडलं होतं, बेटा. बाकीच्यांनी नाही."

मंडळी, सिनसिनाटीला आलात तर 1866 साली खुला झालेला रोबलिंग पूल पायी ओलांडा. याच इंजिनिअरने पुढे ब्रुकलिन ब्रिजचा आराखडा केला. अलीकडच्या टोकाशीच 2004 पासून अंडरग्राउंड रेलरोड फ्रीडम सेंटर हे संग्रहालय आहे, तिथे मुलांना जरूर न्या. पूल ओलांडायला जेमतेम दहा मिनिटं लागतात. मधे उभं राहून एकदा खाली नदीकडे बघा.

आणि मग आमच्या घरी जेवायला या. वडा-भात करू. नागपूर महाराष्ट्रात आहे की नाही, तो वाद जेवण झाल्यावर!