चौकटीतील क्रीडागार

माणसाच्या घराच्या भिंती पाहाव्यात, म्हणजे त्याची दैवते कळतात. आपल्याकडे देवादिकांच्या तसबिरी, वडीलधाऱ्यांची हार घातलेली छायाचित्रे, आणि एखाद्या कोपऱ्यात शाळेचा निरोप घेतानाचा वर्गाचा फोटो, एवढा ऐवज बहुतेक घरी सापडतो. अमेरिकेत बास्केटबॉलचे वेड असलेल्या माणसाच्या भिंतीवर आणखी एका प्रकारची तसबीर आढळते. ती आडवी असते, लांबच लांब. ४० इंच लांबी आणि १३.५ इंच उंची हे तिचे रूढ माप. भोवती बहुधा काळी लाकडी चौकट, वर काच, आणि तळाशी क्रीडागाराचे नाव व प्रसंग सांगणारी बारीक अक्षरांची एक ओळ. चित्राच्या मध्यभागी पिवळसर लाकडाचे चकचकीत पटांगण, त्यावर दहा खेळाडू, आणि चहूबाजूंनी छपरापर्यंत चढत गेलेली माणसांची नुसती भिंत!

मौज अशी की, या चित्रात खेळाडू करंगळीच्या नखाएवढे दिसतात. ज्यांच्यासाठी एवढ्या लोकांनी तिकिटे काढली, त्या वीरांचे चेहरेसुद्धा ओळखू येत नाहीत. त्यांची मोठी, देखणी, स्वाक्षरीची छायाचित्रे बाजारात हवी तितकी मिळतात. तरीही शौकीन ही आडवी तसबीर हौसेने घेतो, तिला दिवाणखान्यात जागा देतो, आणि आपण पाहिलेल्या एकेका क्रीडागाराची तसबीर जमवीत जातो. मग हे चित्र आहे तरी कुणाचे? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर थोडे मागे जायला हवे.

सगळा देखावा एका दृष्टिक्षेपात डोळ्यांपुढे उभा करावा, ही हाव छायाचित्रणाहून जुनी आहे. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने १७८७ साली वर्तुळाकार चित्राचे पेटंट घेतले. १७९३ साली लंडनच्या लेस्टर चौकात त्याने यासाठी खास गोल इमारत उघडली. आत मध्यभागी उभे राहून प्रेक्षकाने स्वतःभोवती फिरावे, आणि भिंतीवर रंगविलेले अख्खे शहर पाहावे, अशी ती करामत होती. ‘पॅनोरामा’ हा शब्द त्याच्याच काळातला. ‘सर्व’ आणि ‘दर्शन’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो घडविला गेला. आपण त्याला सर्वदर्शन म्हणू या.

पुढे छायाचित्रण आले, आणि तीच हाव कॅमेऱ्यात शिरली. १८४८ साली फॉन्टेन व पोर्टर या दोघांनी सिनसिनाटी शहराचा नदीकाठ आठ रुपेरी पत्र्यांवर टिपला. ते पत्रे शेजारी शेजारी लावले की काठ अखंड दिसे. त्या चित्रावर आज भिंग धरले, तर एका मनोऱ्यावरील घड्याळाचे काटेसुद्धा वाचता येतात! सर्वदर्शनाचा खरा गुण हाच. दुरून ते भव्य दिसते, आणि जवळ गेले की त्यात क्षुल्लकातले क्षुल्लक हाती लागते.

मग १९०४ साली पेटंट मिळालेला ‘सर्कट’ कॅमेरा आला. हे यंत्र चावीच्या घड्याळासारखे. तिवईवर सावकाश फिरे, आणि आतली फिल्म बारीक फटीमागून उलट दिशेने सरकत जाई. शाळा, पलटणी, कारखाने, परिषदा, सर्वांनी या यंत्रापुढे उभे राहून आपली लांबलचक चित्रे काढून घेतली. मंडळींना अर्धवर्तुळात उभे करावे लागे, म्हणजे चित्रात रांग सरळ दिसे. अशा वेळी डाव्या टोकाचा एखादा द्वाड मुलगा आपल्यावरून कॅमेरा सरकताच पाठीमागून धूम ठोकून उजव्या टोकाला जाऊन उभा राही, आणि एकाच चित्रात दोनदा विराजमान होई! शाळामास्तराला त्या मुलाचा राग यायला हवा. पण मला तो मुलगा फार शहाणा वाटतो. एवढ्या मोठ्या चित्रात माणूस शेवटी स्वतःलाच शोधतो, हे त्याने आधीच ओळखले होते.

आता बास्केटबॉलकडे वळू. आपल्याकडे हा बहुतांशी उघड्या मैदानावरचा खेळ. मुंबईत नागपाड्याच्या मुलांनी तो आकाशाखाली खेळूनच नावारूपाला आणला. परंतु त्याचा जन्म मात्र छपराखाली झाला. १८९१ सालच्या डिसेंबरात, मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड गावी, वायएमसीएच्या शिक्षणसंस्थेत जेम्स नेस्मिथ नावाचे शिक्षक एका खोडकर वर्गाला विटले होते. बाहेर कडाक्याची थंडी. आत कवायतीचा कंटाळा. त्यांनी रखवालदाराकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, रखवालदाराने पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला त्या ठोकल्या. तो कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता. म्हणून आजही जगभर कडे दहा फुटांवरच असते!

याहून गमतीची गोष्ट म्हणजे टोपलीमागची फळी. सज्जात बसलेले प्रेक्षक हात खाली घालून चेंडू अडवीत, किंवा आपल्या बाजूच्या चेंडूला हळूच आत ढकलीत. त्यांना आवर घालण्यासाठी फळी आली. पुढे त्या फळीवर चेंडू आपटून टोपलीत टाकणे हीच एक कला झाली. सारांश, कड्याची उंची इमारतीने ठरविली, आणि फळी प्रेक्षकांच्या खोडीतून निघाली. या खेळातून घर आणि गर्दी वेगळी काढताच येत नाहीत. क्रीडागाराची तसबीर खेळाडूंपेक्षा घराला आणि गर्दीला जास्त जागा देते, ती उगाच नव्हे.

ही चित्रे काढण्याचे तंत्रही पाहण्यासारखे आहे. फिरत्या कॅमेऱ्याला वेळ लागतो, आणि बास्केटबॉलचा खेळाडू तर क्षणभर स्थिर राहत नाही. शिवाय फिरत्या भिंगाला समोरची सरळ रेषा धनुष्यासारखी वाकलेली दिसते. १९७० नंतरच्या काळात ६ सेंटिमीटर उंच व १७ सेंटिमीटर लांब असे चित्र एकाच उघडझापीत घेणारे कॅमेरे बाजारात आले. १२० च्या एका रिळावर अशी चारच चित्रे निघत; तेव्हा छायाचित्रकाराला क्षण निवडूनच कळ दाबावी लागे. बहुधा निवडला जाई तो सामन्याच्या आरंभीचा क्षण. पंचाने चेंडू वर फेकलेला आहे, दोन उंच गडी झेपावले आहेत, आणि हजारो माने एका बिंदूकडे वळल्या आहेत. संगणक आल्यावर अनेक चित्रे बेमालूम जोडता येऊ लागली. मात्र जोडणी चुकली, तर धावणारा खेळाडू शाळेतल्या त्या द्वाड मुलासारखा दोन ठिकाणी उगवतो.

पण तंत्राने चित्र होते. ते भिंतीवर टांगावेसे वाटायला काही घडावे लागते. बोस्टन शहरात काय घडले ते पाहा. तेथील ‘बोस्टन गार्डन’ १९२८ साली रेल्वेच्या नॉर्थ स्टेशनाच्या डोक्यावर उभे राहिले. मुष्टियुद्धाची लढत जवळून दिसावी अशा बेताने ते बांधल्यामुळे प्रेक्षक जणू पटांगणावरच येऊन बसत. तेथील सेल्टिक्स संघाची जमीनही नामांकित. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लाकूडटंचाईत ओकचे उरलेसुरले तुकडे जुळवून १९४६ साली ती केली गेली. चौकोनांची आडवी-उभी नक्षी हे टंचाईचेच लेणे! १९५२ साली ती बोस्टन गार्डनमध्ये आली. तीवर खेळत सेल्टिक्सने १९५७ ते १९८६ या काळात सोळा विजेतीपदे मिळविली.

सुखसोयींच्या नावाने मात्र शिमगाच होता. वातानुकूलन नव्हते. १९८४ सालच्या अंतिम मालिकेत एका रात्री आत ९७ अंश फॅरनहाइट उष्मा झाला, आणि लॉस एंजेलिसच्या करीम अब्दुल-जब्बारसारख्या महारथीला बाकावर बसून प्राणवायू घ्यावा लागला. कित्येक खुर्च्यांपुढे खांब येत. तरी बोस्टनच्या माणसाला ते घर प्रिय होते. १९९५ साली ५ मे रोजी तेथे सेल्टिक्सचा शेवटचा सामना झाला. सामना हरला. शेजारी अवघ्या नऊ इंचांच्या अंतरावर नवे, गार हवेचे क्रीडागार तयारच होते. १९९८ पर्यंत जुन्याचा मागमूस उरला नाही. शिकागोचे १९२९ सालचे ‘शिकागो स्टेडियम’ही असेच १९९५ साली पाडले गेले. त्याच्या प्रचंड ऑर्गनचा नाद आणि छपराखाली घुमणारी आरोळी ज्या जागी होती, तेथे मोटारी उभ्या करण्याचे आवार झाले.

ज्याने वडिलांचे बोट धरून तेथे पहिला सामना पाहिला, त्याने आता कोठे जावे? कुलदैवताचे देऊळ पडले तरी पायरीचा दगड सापडतो. येथे तोही नाही. अशा माणसाला तसबीर हाच आधार. तो पाहुण्याला चित्राजवळ नेतो, काचेवर बोट टेकवितो, आणि म्हणतो, “हा बघ, इथे मी बसत असे.” बोटाखाली एक ठिपका असतो. तो ठिपका दुसऱ्या कुणाचाही असू शकेल. पण त्याची त्याला फिकीर नसते. रांग तीच, खांब तोच.

याउलट दैव इंडियानातील बटलर विद्यापीठाच्या ‘हिंकल फील्डहाउस’चे. १९२८ सालचे हे क्रीडागार अजून उभे आहे. १९५४ साली येथे मायलन नावाच्या खेडेगावातील १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेने मन्सी सेंट्रल या बड्या शाळेला ३२-३० असे हरवून राज्याचे विजेतेपद पटकाविले. शेवटच्या क्षणी बॉबी प्लम्प या मुलाने चेंडू टाकला, आणि सारे राज्य नाचले. तेथल्या रहिवाशाला त्या घराची तसबीर लावली काय अन् न लावली काय, सारखेच. वाटले तर तो उठून प्रत्यक्ष जाऊन बसू शकतो.

सर्वांत दुःखद कथा सिएटलची. तेथे इमारतीचे छप्पर शाबूत राहिले. गेला तो संघ! १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या सभागृहात १९६७ पासून ‘सुपरसॉनिक्स’ संघ खेळू लागला. १९७९ साली त्याने विजेतेपद आणले. पुढे मालकी बदलली, नव्या क्रीडागारावरून वाद झाला, आणि २००८ साली तडजोड होऊन संघ ओक्लाहोमा सिटीला गेला. नाव आणि रंग तेवढे सिएटलला ठेवले. १३ एप्रिल २००८ रोजी घरच्या शेवटच्या सामन्यात संघ जिंकला. चाळीस वर्षे लोकांनी ज्याला ‘आमचा’ म्हटले, तो कागदोपत्री कधीच त्यांचा नव्हता, हे त्या वर्षी त्यांना कळले. अशा शहरात भिंतीवरची भरगच्च तसबीर म्हणजे साक्षीदाराचा जबाब होय. लोक येत नव्हते असे कुणी म्हटले, तर तिच्याकडे बोट दाखवावे.

कुणी म्हणेल, हा सगळा व्यापार आहे. घर पाडायचे, आणि मग त्याची चित्रे विकायची! आक्षेप खोटा नाही. बोस्टनच्या त्या ओकच्या जमिनीचेही पुढे तुकडे विकले गेले. २०१० साली नेस्मिथ यांचे मूळ तेरा नियमांचे कागद लिलावात ४३ लाख डॉलरांवर गेले. कॅन्सस विद्यापीठात आज ते पाहायला मिळतात. ती वस्तू एकमेव. तिचे मोल दुर्मिळतेचे. क्रीडागाराची तसबीर हजारो प्रतींत छापलेली असते. तिचे मोल प्रत्येक घरी वेगळे, आणि ते विकणाऱ्याला ठरविता येत नाही.

आपण बालगंधर्वांची नाना वेषांतील छायाचित्रे जपली, हे योग्यच केले. पण रात्र रात्र जागून त्यांना ‘वन्स मोअर’ देणारे प्रेक्षागृह, ते तुडुंब पिट, ते सज्जे, यांचे एक तरी चित्र आपल्यापैकी कितीजणांच्या घरी असेल? नटाची तसबीर आपण लावतो, आणि नटाला नट करणारे लोक अंधारात राहतात. अमेरिकेतील या आडव्या चित्रांत निदान दिवे प्रेक्षकांवरही पडले आहेत. महागड्या खुर्चीतला शेठ आणि शेवटच्या रांगेतला पोरगा, दोघेही तेथे सारख्याच मापाचे ठिपके आहेत. आणि चित्राचे पैसे बहुतेक वेळा शेवटच्या रांगेतलाच देतो.